कृष्णधवल फिल्म संस्करण

कृष्णधवल फिल्म संस्करण (बोलीभाषेत रोल धुणे) म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाशित झालेल्या फिल्मवरील अदृश्य प्रतिमा रसायनांच्या साहाय्याने दृश्य व टिकाऊ करण्याची प्रक्रिया होय. तीतून निगेटिव्ह मिळते आणि निगेटिव्हवरून कागदावर छायाचित्र छापले जाते. छपाई बिघडल्यास पुन्हा करता येते. डेव्हलप करताना बिघडलेली फिल्म मात्र पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या निवडीस महत्त्व आहे.

प्रक्रिया

फिल्मवरील जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. डेव्हलपरमुळे प्रकाश पडलेल्या स्फटिकांचे काळ्या, धातुरूप चांदीत रूपांतर होते. सौम्य आम्लाच्या स्टॉप बाथने ही क्रिया थांबवली जाते. उरलेले हॅलाइड फिक्सरमध्ये (हायपो) विरघळते. हायपोचा हा गुणधर्म जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवला होता. शेवटी फिल्म पाण्याने धुऊन धूळविरहित जागी वाळवतात.

डेव्हलपरचे प्रमाण तापमान सामान्यतः २०° सेल्सियस मानले जाते. तापमान वाढल्यास वेळ कमी करावा लागतो. पुणे, पिंपरी-चिंचवड व चऱ्होली परिसरात उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून गरम असते, म्हणून रसायनांची भांडी थंड पाण्यात ठेवून तापमान राखावे लागते. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमानात मोठा फरक पडल्यास जिलेटिनवर जाळीसारख्या सुरकुत्या पडू शकतात. जड पाण्यामुळे वाळलेल्या फिल्मवर डाग राहतात.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटाच्या काळात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे व फिल्म धुणे ही कामे करीत. उदकमंडलम येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची 'इंदू' ही कृष्णधवल फिल्म पुढे देशभर वापरली गेली.

प्रयोगशाळेची निवड

* रसायनप्रक्रिया : रंगीत फिल्मसाठीची सी-४१ प्रक्रिया सुमारे ३८° सेल्सियसला चालते व तिच्यात चांदी पूर्णपणे काढून टाकली जाते. पारंपरिक कृष्णधवल फिल्म तीत घातल्यास प्रतिमा नष्ट होते. इलफर्ड एक्सपी२ सुपर ही फिल्म मात्र सी-४१ साठीच बनवलेली आहे.
* डेव्हलपर : कोणता डेव्हलपर, किती तापमानास व किती वेळ वापरला जातो, हे चांगली प्रयोगशाळा सांगू शकते. फिल्म ठरलेल्यापेक्षा अधिक आयएसओवर वापरली असल्यास तशी सूचना आधीच द्यावी लागते.
* छपाई : एन्लार्जरखाली चांदीयुक्त कागदावर काढलेली प्रत आणि स्कॅनवरून रंगीत कागदावर काढलेली प्रत यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारात करड्या छटांवर हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते.
* चाचणी : महत्त्वाच्या चित्रांआधी एक साधा रोल देऊन पाहणे सोयीचे ठरते.

निगेटिव्हची पारख

फिल्मच्या कडेवरील क्रमांक कारखान्यातच प्रकाशित केलेले असतात. ते फिकट दिसल्यास फिल्म कमी डेव्हलप झाली असण्याची शक्यता असते. क्रमांक गडद पण चित्रे फिकी असल्यास दोष बहुधा कॅमेऱ्यातील अपुऱ्या प्रकाशाचा असतो. दुधाळ थर अपुऱ्या फिक्सिंगचे लक्षण असून तो पुन्हा फिक्स केल्यास सहसा जातो. फिक्सर नीट न धुतल्यास काही वर्षांनी प्रतिमा पिवळी पडते.