वाफेची जाळी

श्रावण शुद्ध पंचमीस, म्हणजे नागपंचमीस, आपल्या देशावरील पुष्कळ घरांत चुलीवर तवा चढत नाहीं व विळीला कोणी हात लावीत नाहीं. चिरणें, भाजणें, तळणें हीं तिन्ही कामें त्या दिवशीं वर्ज्य; मग सणाचें पक्वान्न करावयाचें तरी कसें? इंदापूर-बारामतीकडील गृहिणींनीं या प्रश्नाचें उत्तर पुरणाच्या दिंडांनीं दिलेलें आहे. कणकेची पुरी लाटावी, मधोमध हरभऱ्याच्या डाळीचें व गुळाचें पुरण ठेवावें, चारी बाजूंनीं घडी घालून चौकोनी पुडा करावा आणि तो वाफेवर शिजवून तुपाशीं खावा. कोंकणांत गणेशचतुर्थीस उकडीच्या मोदकांना जो मान, तोच पंचमीस आमच्याकडे या दिंडांना. इतर दिवशीं होणाऱ्या कोथिंबिरीच्या व अळूच्या वड्या, मुटके हे पदार्थहि प्रथम वाफेवरच शिजतात. त्यांचें तळणें ही पुढची गोष्ट.

हे सर्व पदार्थ ज्या एका साध्या वस्तूवर अवलंबून असतात ती म्हणजे अन्नास पाण्याच्या वर धरून ठेवणारी भोकांची जाळी. बाजारांत ती आतां स्टेनलेस स्टीलची, नाना आकारांची मिळते, आणि म्हणूनच ती कशी निवडावी हा प्रश्न उत्पन्न होतो. प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु पंचमीच्या सकाळीं जाळी बुटकी निघाली, उकळतें पाणी दिंडांच्या बुडाशीं लागलें आणि कणकेचा लगदा होऊन पुरण पाण्यांत उतरलें, म्हणजे त्या घरांत दुसरें पक्वान्न करण्याचा मार्गच उरत नाहीं. कारण तवा व कढई त्या दिवशीं बाजूला ठेवलेलीं असतात.

जाळीचा विचार करण्यापूर्वीं वाफेचा विचार केला पाहिजे. पाणी एकदां उकळूं लागलें म्हणजे खालीं कितीहि जाळ केला तरी त्याची उष्णता वाढत नाहीं. इंदापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ५०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळें येथें पाणी १०० अंशांपर्यंत न पोहोंचतां सुमारें ९८ अंशांवरच उकळतें. आतां एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारें ५४० कॅलरी उष्णता खर्चीं पडते, आणि ती वाफ थंड दिंडावर बसून पुन्हां पाणी झाली कीं तेवढीच उष्णता त्या दिंडास परत देते. तेंच एक ग्रॅम पाणी दहा अंशांनीं निवालें तर केवळ १० कॅलरी मिळतात. हा फरक ज्याच्या ध्यानांत आला त्याला दोन गोष्टी आपोआप समजतील. एक, वाफ दिसावयास नाजूक असली तरी तिचा चटका उकळत्या पाण्याहून भयंकर असतो. दुसरी, भांडें वाफेनें भरलेलें राहील एवढीच आंच पुरे. त्यापुढचा जाळ पाणी आटविण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं. झाकणाच्या फटींतून भसाभस वाफ निघतांना पाहून पुष्कळांस समाधान वाटतें, पण ती निघून गेलेली वाफ म्हणजे गॅसचा खर्च होय, स्वयंपाक नव्हे. भाज्यांच्या बाबतींत वाफेचा आणखी एक गुण असा कीं, पाण्यांत विरघळणारीं जीवनसत्त्वें, विशेषतः ‘क’ जीवनसत्त्व, उकळतांना पाण्याबरोबर जितकीं वाहून जातात तितकीं वाफेवर जात नाहींत.

पूर्वीं यासाठीं निराळें भांडें क्वचितच विकत घेत. भगुण्यांत पाणी ठेवून त्याच्या तोंडावर ओलें फडकें ताणून बांधीत, किंवा मोठ्या भोकांची चाळण ठेवून वर झांकण घालीत. ज्यांना परवडे ते पुण्याहून तांब्याचें कल्हई केलेलें मोदकपात्र आणीत. कसबा पेठेंतील तांबट आळी या कामासाठीं प्रसिद्धच आहे. परंतु कल्हई उडालेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ राहिला तर तांब्याचा अंश अन्नांत उतरून पोटास अपाय होतो. दारावर येणारा कल्हईवाला जसजसा दुर्मिळ झाला तसतसें स्टेनलेस स्टीलचें राज्य वाढत गेलें, आणि तें योग्यच झालें असें मला वाटतें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. ज्यांच्या घरीं भगुण्यावर चोख बसणारी पत्र्याची चाळण आहे त्यांनीं कांहींहि विकत घेऊं नये. मात्र पिठाची बारीक तारेची चाळणी या कामीं निरुपयोगी. तिच्या छिद्रांत पीठ बसतें, त्यावर वाफ लागतांच त्याची खळ होते आणि मार्ग बंद होतात. कुकरबरोबर जी लहान चकती येते तीहि पुष्कळ वेळां पुरेशी असते. कुकरमध्यें दिंड किंवा मोदक शिजवितांना झाकणावरची शिटी तेवढी काढून ठेवावी.

ज्यांना घ्यावयाचीच आहे त्यांच्यापुढें मुख्यतः तीन प्रकार येतात. पहिला, कमळाच्या पाकळ्यांप्रमाणें उघडणारी व मिटणारी जाळी. ती लहानमोठ्या सर्व भांड्यांत मावते, हा तिचा गुण दुकानदार आवर्जून सांगतो. पण तिच्या मधोमध उभी दांडी असते, पाकळ्या आंतल्या बाजूस उतरत्या असतात, आणि सांध्यासांध्यांत कणीक अडकते. फ्लॉवरचे तुरे किंवा रताळीं उकडावयास ती ठीक. दिंड आणि वडीचे लांबट उंडे तिच्यावर घसरून एकमेकांस चिकटतात. दुसरा प्रकार पायांची सपाट थाळी, आणि तिसरा भगुण्याच्या कांठावर अडकून आंत लोंबणारें भोकांचें पसरट भांडें. खरी निवड या शेवटच्या दोहोंत आहे.

पायांच्या थाळीचें सर्व यश पायांच्या उंचीवर असतें, आणि नेमकें तिकडेच कोणी पाहत नाहीं. हिशेब करून पाहूं. २० सेंटिमीटर व्यासाच्या भगुण्यांत एक सेंटिमीटर उंचीचें पाणी म्हणजे सुमारें ३१४ मिलिलिटर, अर्थात् दीड पेला. पाय अडीच सेंटिमीटरांचे असतील व उकळीचे शिंतोडे उडूं नयेत म्हणून वर एक सेंटिमीटर जागा मोकळी सोडली, तर खालीं दीड सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या लिटरहूनहि कमी पाणी राहील. दिंडांचा एक घाणा पंधरा-वीस मिनिटें घेतो. मंद आंचेवर एवढें पाणी एका घाण्यास पुरेल, पण दुसऱ्या घाण्यास तें खात्रीनें पुरेल असें म्हणवत नाहीं. पाय चार सेंटिमीटरांचे असतील तर तेंच पाणी दुप्पट मावतें व मधून झांकण उघडण्याचा प्रसंग येत नाहीं. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं घरचें भगुणें दोरीनें मोजावें: तोंडाशीं किती, आणि जाळी जेथें टेकणार त्या उंचीवर आंतून किती. भगुण्याचा गळा बहुधा पोटापेक्षां अरुंद असतो, तेव्हां गळ्यांतून न शिरणारी जाळी घरीं आणून उपयोग नाहीं. थाळी व भांडें यांमध्यें सभोंवार बोटभर जागा राहावी. ती वाफेलाहि वाट देते आणि चिमट्यालाहि.

कांठावर लोंबणाऱ्या प्रकारास हा हिशेब लागत नाहीं, कारण खालीं पाणी हवें तेवढें घेतां येतें. मात्र तेथें कांठाची जुळणी चोख पाहिजे. कांठ हलला कीं बाजूनें वाफ सुटली व पदार्थ अर्धाकच्चा राहिला. कांहीं जाळ्यांच्या कांठास दोन-तीन टप्पे केलेले असतात, त्या निरनिराळ्या मापांच्या भगुण्यांवर बसतात. एकत्र कुटुंबांत अशी जाळी सोयीची पडते.

आतां धातूकडे वळूं. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें इ. स. १९१३ मध्यें, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजूं नयेत म्हणून प्रयोग करीत असतां, क्रोमियम मिसळलेलें न गंजणारें पोलाद तयार केलें. पोलादांत सुमारें साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलें म्हणजे त्याच्या पृष्ठावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप बसतो, व ओरखडा पडला तरी हवेंतील प्राणवायूनें तो पुन्हां भरून येतो. भांड्यांवर ‘३०४’ असा आंकडा आढळतो त्यांत सुमारें १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असतें. ‘२०२’ या जातींत निकेल कमी करून त्याऐवजीं मँगॅनीज घातलेलें असतें, म्हणून ती स्वस्त पडते. आणि ‘४३०’ मध्यें निकेल जवळजवळ नसतेंच. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ति सर्वांस ठाऊक आहे, पण ती जेवढी समजतात तेवढी खरी नव्हे. चुंबक ४३० ला चिकटतें, एवढेंच तिनें कळतें. ३०४ व २०२ या दोहोंसहि तें सारखेंच नाकारतें. शिवाय पत्रा दाबून वळविला असतां चांगल्या ३०४ च्या कोपऱ्यासहि चुंबक किंचित् धरतें. तेव्हां चुंबकावर विश्वासून ३०४ चे पैसे मोजूं नयेत.

आपल्या तालुक्यास धातूचा हा भेद जास्त जाणवतो, तो पाण्यामुळें. नीरा डावा कालवा इ. स. १८८५ च्या सुमारास सुरू झाला, पुढें १९८० मध्यें उजनीचें धरण पुरें होऊन भीमेचें पाणी गांवांच्या शिवारापर्यंत आलें. ऊंस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. पण त्याचबरोबर कालव्याखालच्या कांहीं जमिनी चोपण व खारवट झाल्या, आणि पुष्कळ विहिरींचें व बोअरचें पाणी जड लागतें. असें पाणी उकळलें कीं त्यांतील चुन्याचे क्षार भांड्याच्या बुडाशीं पांढरी पापडी होऊन बसतात. वाफ मात्र शुद्ध असते. ती क्षार खालींच ठेवून वर जाते. म्हणून जाळीची थाळी वर्षानुवर्षें लखलखीत राहते आणि पाण्यांत उभे असलेले तिचे पाय मात्र पांढरे पडतात. पाय रिबिटांनीं जोडलेले असतील तर त्या सांध्यांच्या फटींत खारें पाणी शिरतें, आटतें, अधिकच खारें होतें, आणि मिठांतील क्लोराइड त्या संरक्षक थरास भेदून टांचणीच्या टोंकाएवढे खड्डे पाडतें. तांबूस डाग प्रथम दिसतो तो बहुधा येथेंच. निकेल कमी असलेल्या जातींत हें लवकर घडतें.

या कारणास्तव इंदापूरच्या पाण्यासाठीं मला कांठावर लोंबणारी जाळीच अधिक पसंत आहे. तिचा कोणताच भाग पाण्यांत बुडत नाहीं, आणि मग ती २०२ ची असली तरी फारसें बिघडत नाहीं. पायांचीच घ्यावयाची असेल तर ती ३०४ ची असावी व तिचे पाय त्याच पत्र्यांतून कापून खालीं वळविलेले असावेत, किंवा सांधा सलग व गुळगुळीत असावा.

दुकानांत आणखी थोडें पाहावें. थाळीच्या मधोमध अंगठ्यानें दाबावें. पत्रा टक् टक् करीत खालींवर झाला तर तो पातळ आहे, दिंडांच्या भारानें व उष्णतेनें वांकेल. भोकें तीन ते पांच मिलिमीटरांचीं व दाट असावींत. त्याहून मोठीं असल्यास मऊ कणीक त्यांत उतरून दिंड फाटतो, लहान असल्यास तीं पिठानें बुजतात. भोकांच्या खालच्या बाजूवरून कापसाचा बोळा फिरवावा. कापसाचे तंतू अडकले तर कांठ खरबरीत आहेत, ते बोट कापतील व घासणीहि अडवतील. उचलण्यास दोन कड्या असाव्यात आणि त्या झांकणास आड येऊं नयेत. केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें स्टीलच्या भांड्यांसाठीं भारतीय मानक ब्यूरोच्या चिन्हाचा आदेश काढला; या भांड्यांचें मानक आय. एस. १४७५६ हें आहे. तें चिन्ह व आंकडा भांड्यावर कोरलेला दिसला तर उत्तमच. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालापेक्षां असें भांडें थोडें महाग पडेल, पण जाळी कांहीं दरवर्षीं घ्यावयाची नसते.

वापरतांना पाणी आधीं उकळूं द्यावें, मग जाळी ठेवावी. थंड पाण्यापासून सुरुवात केली तर कणीक वाफेची वाट पाहत चिकट होते. जाळीस तुपाचा हात लावावा, किंवा केळीचें पान पसरावें. पानानें सर्व भोकें झांकूं नयेत, कडेचीं मोकळीं सोडावींत. झाकणाच्या आंतून ठिबकणारें पाणी दिंडांस डाग पाडतें, यास्तव झाकणास फडकें बांधून त्याचीं टोकें वर गांठ मारून ठेवावींत, खालीं जाळाकडे लोंबूं देऊं नयेत. पाण्यांत एखादा स्वच्छ लहान गोटा टाकून ठेवला तर उकळी असेपर्यंत तो खडखडत राहतो. खडखड थांबली कीं पाणी संपत आलें असें दुसऱ्या खोलींतूनहि कळतें. झांकण काढतांना त्याची दूरची कड आधीं उचलावी, म्हणजे वाफ अंगावर न येतां पलीकडे जाईल. लहान मुलांस हें काम देऊं नये.

पापडी बसलीच तर ती लोखंडी तारेच्या घासणीनें खरडूं नये. त्या घासणीचे कण पत्र्यांत रुतून तेच पुढें गंजतात व दोष भांड्यास येतो. भगुण्यांत पाणी घेऊन त्यांत दोन लिंबांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालावा, जाळी त्यांत बुडवून पांच-सात मिनिटें उकळावी व तशीच निवूं द्यावी. पांढरा थर बोटानें सुटतो. मग साध्या पाण्यानें धुवून, कोरड्या फडक्यानें पुसून ती उभी करून ठेवावी, सांध्यांत ओल राहूं देऊं नये.