लहान मुलांसह रानातील मुक्काम

घरदार बंद करून मुलाबाळांसह चार दिवस उघड्यावर राहणे ही गोष्ट या भागाला नवी नाही. बेळगाव जिल्ह्यातून सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जोडून निघत, वाटेत झाडाखाली गाडी सोडून चूल मांडीत आणि तान्ह्या मुलासाठी लुगड्याची झोळी बांधीत. गोव्यात सासष्टी-बार्देशातील अनेक कुटुंबे मे महिन्यात ‘मुदांस’ करीत, म्हणजे हवापालटासाठी समुद्रकाठी जाऊन राहत; खाऱ्या पाण्यातील न्हाण हा त्या मुक्कामाचा मुख्य कार्यक्रम असे. या मुक्कामांत पाहावयाच्या स्थळांची यादी नसे. एका जागी जावयाचे, तेथे राहावयाचे आणि मुले थकली की थांबावयाचे, एवढाच त्यांचा नेम होता.

आता मोटार दारात आहे, घडीचा तंबू बाजारात मिळतो आणि सुट्टी लागताच मोले, बोंडला, खोतीगाव अशा वनक्षेत्रांकडे कुटुंबे वळतात. ही इष्ट गोष्ट आहे. मात्र बैलगाडीचा वेग बैलाच्या दमावर ठरत असे. मोटारीचा वेग मोठ्या माणसांच्या उत्साहावर ठरतो आणि त्याची किंमत मुलाच्या शरीराला द्यावी लागते. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असते. त्यामुळे ते लवकर तापते, लवकर गारठते आणि त्याच्या अंगातील पाणी झपाट्याने कमी होते. तहान लागली हे दोन वर्षांचे मूल नीट सांगू शकत नाही. ते किरकिर करते, आणि ती किरकिर हट्ट म्हणून दुर्लक्षिली जाते. यासाठी पाच वर्षांखालील मूल बरोबर असताना सहलीचे वेळापत्रक मुलाच्या झोपेवरून व भुकेवरून आखावे.

उदाहरणादाखल मोलेचा विचार करू. पणजीहून बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गावर घाटाच्या पायथ्याशी हे ठिकाण आहे. भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटरचे हे वनक्षेत्र आहे. एका दिवसात दूधसागर, तांबडी सुर्ला आणि परतीच्या वाटेवर आणखी एखादे देऊळ असा बेत पुष्कळ जण करतात. तान्हे मूल असेल तर तो टाळावा. दूधसागरला कुळ्याहून जीपगाडीने जावे लागते. वाट दगडगोट्यांची व ओढ्यांतून जाणारी असल्याने मुलाला सतत हादरे बसतात. रेल्वेच्या रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेची मनाई आहे. याउलट दोन रात्रींचा मुक्काम एकाच जागी ठेवला, सकाळी सात ते दहा या वेळात रानाच्या कडेने फेरफटका मारला, दुपारी मुलांना तीन तास झोपू दिले आणि उन्हे कलल्यावर तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिर पाहिले, तर मुलाची दिनचर्या घरच्यासारखीच राहते. झाडाची पाने शिवून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या पाहण्यात तीन वर्षांचे मूल अर्धा तास रमते. शेकरू दिसले तर उत्तमच. न दिसले तरी मुलाची तक्रार नसते, तक्रार असते ती वडिलांची!

अभयारण्यात कोठेही तंबू ठोकता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जाण्यास परवाना लागतो, आणि रानाला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटविणे हा गुन्हा आहे. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे अनेकांच्या स्मरणात असतील. वन खात्याच्या निवासस्थानांची चौकशी आगाऊ करावी. लहान मूल असलेल्या कुटुंबाने पहिल्या खेपेस तंबूऐवजी पक्क्या छपराखालीच राहावे हे बरे.

प्रवासाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. चोर्ला वा अनमोड घाटात दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी लागण्याचा त्रास अधिक होतो. निघण्यापूर्वी हलके खाणे द्यावे आणि नजर पुस्तकात वा मोबाइलमध्ये न ठेवता दूर रस्त्याकडे ठेवण्यास सांगावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीचे सुरक्षित आसन बंधनकारक केले आहे. फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढील मुलाला शिरस्त्राणही लागते, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत मुलाला क्षणभरही एकटे ठेवू नये. आतील तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढते.

सहलीतील सर्वांत सामान्य आजार म्हणजे अतिसार, आणि त्याचे मूळ बहुधा पाण्यात असते. रानातील ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी वरच्या अंगाला गुरे उतरलेली असू शकतात. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे, त्याच भांड्यात झाकून निववावे आणि पेल्याने न बुडविता ओतून घ्यावे. सहा महिन्यांखालील अर्भकाला आईचे दूध पुरेसे असते. उन्हाळा आहे म्हणून त्याला वरचे पाणी देऊ नये, अंगावर अधिक वेळा पाजावे.

जुलाब सुरू झाले तर पहिला उपाय साधा आहे, आणि त्याची परीक्षा एका निराळ्याच छावणीत झाली होती. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन अपुरे पडू लागले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण रुग्णांना तोंडाने पाजण्यास नातेवाइकांनाच सांगितले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा चारच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज हेच मिश्रण ओआरएस या नावाने प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळते. त्याची चार-पाच पाकिटे सामानात असलीच पाहिजेत. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते सबंध विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकणे ही नेहमीची चूक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध आणि पातळ पेज चालूच ठेवावी. डोळे खोल गेले, रडताना अश्रू आले नाहीत, लघवी सहा तास झाली नाही, मूल मलूल पडले किंवा शौचात रक्त दिसले, तर मुक्काम तेथेच मोडून दवाखाना गाठावा. दुसऱ्या दिवसाचे आरक्षण वाया जाईल या विचाराने रात्र काढणे धोक्याचे आहे.

पिण्याच्या पाण्याइतकेच भय वाहत्या पाण्याचे. बुडणारे मूल हाक मारते व हातपाय आपटते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात लहान मूल बहुधा आवाज न करता बुडते, आणि त्यासाठी बादलीभर पाणीही पुरते. चार-पाच मोठी माणसे काठावर असताना असे प्रसंग घडतात, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याचे लक्ष आहे. यावर उपाय म्हणजे पाळी लावणे: आता पाऊण तास काकांनी पाहावयाचे, त्या वेळात त्यांनी फोन हाती घ्यावयाचा नाही, आणि मूल हाताच्या अंतरावर ठेवावयाचे. पावसाळ्यात घाटमाथ्यावर सर पडली की खाली ऊन असतानाही ओढा काही मिनिटांत फुगतो. जुलै २०२३ मध्ये वन खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास मनाई केली, ती बुडून झालेल्या मृत्यूंनंतरच.

रात्रीची दक्षता मुख्यतः सापांपासून आहे. मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. त्याचे दात बारीक असल्याने दंश पुष्कळदा जाणवतही नाही. मूल पहाटे पोटदुखीने जागे होते, त्याच्या पापण्या जड होतात, बोलणे अस्पष्ट होते, आणि घरची माणसे त्याला अपचन समजतात. रानात मुक्काम असताना अशी लक्षणे दिसली तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, सर्पदंशाचाच संशय धरावा. खाटेवर झोपविणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचणे हे सर्वांत खात्रीचे संरक्षण आहे. तंबू असेल तर त्याचा तळ शिवलेला असावा व दार सदैव बंद ठेवावे. लघवीला नेताना विजेरी लावावी आणि सकाळी बूट झटकून घालावेत. दंश झाल्यास मुलाला चालवू नये, तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, जखम कापू वा चोखू नये, दोरी आवळू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. प्रतिविष हेच औषध आहे. मुलाला त्याची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण सापाने सोडलेले विष माणूस लहान की मोठा हे पाहून कमी-जास्त होत नाही. डॉक्टर मुलाला एवढे औषध देत आहेत म्हणून पालकांनी घाबरू नये. घाटात पुष्कळ ठिकाणी फोन लागत नाही. कोठपर्यंत लागतो आणि जवळचे आरोग्य केंद्र कोणते, हे दिवसाउजेडीच विचारून ठेवावे.

राहता राहिला गोचिडीचा विषय. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडीच्या चावण्याने होतो. २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यात व त्यानंतरच्या वर्षी सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याची साथ आली होती. त्याचा जोर साधारणतः डिसेंबर ते मे असतो, म्हणजे नेमका सहलींचा काळ. माकडे मेल्याची वार्ता असेल त्या रानात मुलांना नेऊच नये. इतरत्र पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीचे टोक मोज्यांत खोचावे आणि वाळक्या पाचोळ्यावर मुलांना बसू वा लोळू देऊ नये. संध्याकाळी साबण लावून अंघोळ घालताना कानांमागे, केसांत, काखेत व जांघेत पाहावे. गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावणे किंवा चटका देणे टाळावे.

घरी परतल्यावर दोन आठवडे मुलाच्या तापाकडे लक्ष ठेवावे. ताप आला तर औषधाच्या दुकानातून गोळी आणून थांबू नये. डॉक्टरांकडे जावे आणि मूल कोणत्या रानात, कोणत्या तारखांना राहिले होते, हे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.