दारात आलेली आशाताई

बंगळूरहून बोलतोय. आजचा विषय आहे बाळंतिणीच्या घरी येणाऱ्या आशाताईचा. ती येते, वजन करते आणि जाते, एवढंच मला परवापर्यंत ठाऊक होतं.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं कुटुंब लातूरकडचं. सून बाळंत झाली. सातव्या दिवशी आशाताई आली. तिला मराठी येईना, घरच्यांना कन्नड येईना. दुभाषी म्हणून मला बोलावलं. मी दाराबाहेर उभा राहिलो.

आजी बाळाला गुटी चाटवत होती. ताई म्हणाली, सहा महिने फक्त आईचं दूध. मी सवयीप्रमाणे हुकूम सोडला, "गुटी बंद करा!" आजी गप्प. ताई मला म्हणाली, "सर, आधी विचारा ना, का देताय?" विचारलं. आजी म्हणाली, "पोर सारखं रडतंय, आईला दूध पुरत नाही."

मग ताईने बाळ कसं पितं ते पाहिलं. ते नुसतं स्तनाचं टोक ओढत होतं. तिने आईला नीट टेकून बसवलं, बाळाचं तोंड मोठं उघडल्यावर जवळ घ्यायला शिकवलं. बाळ पोटभर प्यालं आणि झोपलं. गुटीची वाटी आजीनेच उचलून ठेवली.

या पद्धतीमागे महाराष्ट्राचं मोठं काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. या आरोग्यदूत घरोघरी जात. त्या गावांत आधी जन्मलेल्या दर हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत. तिसऱ्या वर्षी हा आकडा सुमारे २५ वर आला. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं. २०११ पासून सरकारने हेच काम देशभरातल्या आशांकडे दिलं.

भेटींचे दिवस ठरलेले असतात. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरी जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. सर्वांत जास्त धोका पहिल्या आठवड्यात, म्हणून सुरुवातीच्या भेटी जवळजवळ. २०१८ पासून त्यापुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही भेट असते. तेव्हा वरचं अन्न, लसी आणि बाळाशी बोलणं-खेळणं यावर भर असतो.

ताई काय पाहते? बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते. दुसऱ्यांदाही तसंच आलं, छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, गार किंवा गरम लागत असेल, मलूल पडलं असेल, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. आईला ताप आहे का, रक्तस्राव जास्त आहे का, हेही ती विचारते. आई सारखी रडत असेल, तर तिकडेही घरच्यांचं लक्ष वेधते.

हे सगळं दवाखान्यातही तपासता येतं, पण वाटीतली गुटी घरातच दिसते. आणि ती का दिली, हे पाहुणी म्हणून आलेल्या बाईलाच सांगितलं जातं. तपासणीस म्हणून गेलात तर वाटी लपवली जाते. मी तेच करून बसलो होतो.

योजना सुरू झाली तेव्हा एका बाळाच्या ४२ व्या दिवसापर्यंतच्या सगळ्या भेटींचा मोबदला ठरला २५० रुपये. तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. आशाताई आली तर तिला गेटवर अडवू नका. बसायला द्या, पाणी द्या. भाषा अडत असेल तर दुभाषी व्हा. फक्त हुकूम सोडू नका!