संकोचाचे दुखणे आणि एक साधा व्यायाम

आदिलाबाद जिल्ह्यातील गुडीहत्नूरचा परिसर हा कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत शेतकरी स्त्रीला दिवसभर वाकून कापूस वेचावा लागतो, ओझी उचलावी लागतात. अशा वेळी ओझे उचलताना, खोकताना वा शिंकताना नकळत थोडी लघवी होऊन जाण्याचा त्रास पुष्कळ स्त्रियांना असतो. बाळंतपणाचा भोग म्हणून तो मुकाट्याने सोसला जातो. काही जणी पाणी पिणेच कमी करतात. पण त्याने लघवी दाट होते, त्रास मात्र जात नाही.

हे घडते कशामुळे? ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. ती मूत्राशय व गर्भाशय यांचा भार पेलते आणि मूत्रमार्ग आवळून धरते. बाळंतपणे, वाढते वय, जुनाट खोकला, स्थूलपणा व मलावरोध यांमुळे ती सैल पडते. परंतु हे स्नायू आपल्या इच्छेने आवळता येतात. म्हणून दंडाच्या स्नायूंप्रमाणे तेही व्यायामाने बळकट होतात. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली ही उपचारपद्धती प्रसिद्ध केली, आणि पुढील संशोधनाने तिची उपयुक्तता सिद्ध झाली आहे.

कृती सोपी आहे. लघवी व वायू एकाच वेळी रोखून धरावा, त्याप्रमाणे आतले स्नायू वर ओढून आवळावेत. पोट, मांड्या व नितंब सैल असावेत; श्वास कोंडू नये. काही सेकंद धरून तितकाच वेळ विसावा घ्यावा. जमेल तसा हा काळ दहा सेकंदांपर्यंत वाढवावा. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. आरंभी निजून, मग बसून व उभ्याने. खोकण्यापूर्वी किंवा ओझे उचलण्यापूर्वीही स्नायू आवळून घ्यावेत. मात्र लघवी करताना ती मध्येच थांबवण्याची सवय लावू नये.

गुण येण्यास सुमारे तीन महिने लागतात. आठवड्याभरात निराश होऊन व्यायाम सोडू नये. लघवीला जळजळ होणे, रक्त जाणे, अंग बाहेर येणे किंवा लघवी सतत ठिबकणे, यांपैकी काही असल्यास केवळ व्यायामावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. व्यायाम बरोबर होतो की नाही, हेही स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घेता येते. सासूने सुनेला आणि आईने लेकीला ही माहिती मोकळेपणाने दिली, तर पुष्कळ स्त्रियांचा त्रास वेळीच आटोक्यात येईल.