दारापर्यंत आलेली तपासणी

एचआयव्हीची चाचणी रुग्णालयाबाहेर काढून थेट घरोघरी नेण्याची पद्धत युगांडा, केनिया या देशांत रुजली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील देशांसाठी तिची मार्गदर्शिकाही काढली. मात्र सातारा-सांगलीत तिचे नियोजन करताना आधी इथले घर समजून घ्यावे लागते. चाचणी तशी सोपी आहे: बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला, की पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटते. पण ही पंधरा-वीस मिनिटे सोप्यावर, सासू आणि जावांच्या देखत काढायची असतील, तर रेषा उमटण्याआधीच आळीभर कुजबुज सुरू होते.

म्हणूनच निवडक घरी जाण्यापेक्षा सरसकट प्रत्येक घरी जाणे आणि रक्तदाब, साखर यांच्या तपासणीसोबत ही चाचणी देऊ करणे शहाणपणाचे ठरते. कर्मचारी दारात दिसल्यावरून मग कोणाविषयीच तर्क करता येत नाही. वेळही तितकीच महत्त्वाची आहे. माण-खटावचे पुरुष मुंबईत माथाडी कामाला आणि खानापूर-आटपाडीचे सोने-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशभर पांगलेले असल्याने, गावच्या जत्रेचे किंवा दिवाळीचे दिवस सोडून केलेल्या फेरीत केवळ बायका आणि म्हातारी माणसेच भेटतात, आणि नवऱ्याच्या गैरहजेरीत निदान झालेल्या बाईवरच सारा दोष येण्याचा धोका राहतो.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने माहितीपूर्ण संमती, म्हणजे चाचणीचा अर्थ आणि परिणाम समजून दिलेला होकार, बंधनकारक केली आहे. कुटुंबप्रमुखाने सगळ्यांच्या वतीने मान डोलावली, तर ती संमती नव्हे. या बाबतीत सांगलीला बाहेरून धडे घेण्याची गरज नाही, कारण मीना शेषू यांनी उभारलेल्या 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून, आणि तिच्यातूनच पुढे आलेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने, सक्तीपेक्षा आपल्यातल्याच बाईचा शब्द अधिक चालतो हे कधीच दाखवून दिले आहे.

गणिताचा एक मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. समजा, हजार माणसांत तिघे बाधित आहेत आणि चाचणी बाधा नसलेल्या शंभरांपैकी एकाला चुकून बाधित दाखवते. तर तीन खऱ्यांसोबत सुमारे दहा खोटे संशयित निघतील. त्यामुळे घरच्या चाचणीला निदान म्हणता येत नाही, ती केवळ प्राथमिक चाळणी असते, आणि खात्री एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतरच होते. उलट, नुकतीच लागण झालेल्यांचा अहवाल काही आठवडे निर्दोषही येऊ शकतो.

२०१७ पासून निदान होताच मोफत औषधोपचार सुरू करण्याचे राष्ट्रीय धोरण आहे, तरी घर आणि केंद्र यांच्यामधल्या वाटेवरच माणसे गळतात. जवळच्या केंद्रात कोणी ओळखीचे भेटेल या धास्तीने जतच्या एखाद्या बाईला मिरज गाठायचे असेल, तर तिची दिवसाची मजुरी बुडते आणि घरी सांगायला कारणही शोधावे लागते. तिच्यासोबत कोण जाणार, हे सुई टोचण्याआधीच ठरलेले असावे लागते.