पशुवैद्यकीय संज्ञांचे भाषांतर : शब्द आणि अर्थनिश्चिती



साहित्यकृतीचे भाषांतर करताना एका शब्दासाठी अनेक पर्याय संभवतात. व्यावहारिक भाषांतरात ही मोकळीक फारच थोडी असते. जनावरांच्या रोगाविषयीच्या माहितीपत्रकात एक शब्द चुकला, तर उपचार चुकतो आणि प्रसंगी माणसाचाही जीव धोक्यात येतो. म्हणून रोगाच्या नावाचे भाषांतर करताना आपण नेमके कशाचे भाषांतर करतो, या प्रश्नाचा येथे विचार करू.

१. नावे लक्षणांवरून पडतात

गुरांच्या तोंडातून लाळ गळते व खुरांत जखमा होतात, म्हणून मराठीत ‘लाळ्या-खुरकूत’. हाच रोग इंग्रजीत ‘फूट अँड माउथ डिसीज’, हिंदीत ‘खुरपका-मुंहपका’ आणि स्पॅनिशमध्ये ‘फिएब्रे आफ्तोसा’, म्हणजे फोड आणणारा ताप. रोग एकच, मात्र प्रत्येक भाषेने त्याचे वेगळे अंग टिपले. ‘फोडांचा ताप’ असे शब्दशः भाषांतर केले, तर मराठी पशुपालकाला रोगाची ओळखच पटणार नाही. ‘लाळ्या-खुरकूत’ म्हणताच ती पटते. गोंदियाजवळील नागरा येथे किंवा मध्य प्रदेशाच्या सीमेलगतच्या इतर गावांत मराठी व हिंदी अशी दोन्ही नावे कानी पडतात. अशा ठिकाणी दोन्ही नावे एकाच रोगाची आहेत, हे भाषांतरात स्पष्ट करावे लागते.

२. एक नाव, दोन रोग

‘घटसर्प’ हा शब्द पाहा. माणसांच्या संदर्भात त्याचा अर्थ ‘डिप्थेरिया’, तर गाई-म्हशींच्या संदर्भात ‘हेमोरेजिक सेप्टिसीमिया’. दोन्हींत घशाला विकार होतो व श्वास कोंडतो. परंतु रोगजंतू वेगळे आणि लसही वेगळी. ‘पावसाळ्यापूर्वी जनावरांना घटसर्पाची लस टोचून घ्यावी’ या वाक्याच्या इंग्रजी भाषांतरात ‘डिप्थेरिया’ लिहिले, तर शब्दकोशाच्या दृष्टीने ते चूक ठरणार नाही. आशयाच्या दृष्टीने मात्र ती गंभीर चूक होईल.

असाच पेच स्पॅनिशमधून इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यापुढे उभा राहतो. स्पॅनिश ‘कार्बुन्को’ म्हणजे इंग्रजी ‘अँथ्रॅक्स’, आपली ‘काळपुळी’. इंग्रजीत त्याच्यासारखा दिसणारा ‘कार्बंकल’ हा शब्द मात्र अनेक तोंडांच्या गळवासाठी वापरतात आणि स्पॅनिश वैद्यकात त्या गळवाचे परंपरागत नाव ‘आंत्राक्स’ असे आहे. म्हणजे दिसायला सारखे असलेले शब्द अर्थाने परस्परांच्या जागी बसले आहेत. शिवाय ‘कार्बुन्को सिंतोमातिको’ म्हणजे काळपुळी नव्हे, तर ‘फऱ्या’. हा भेद केवळ शब्दांपुरता नाही. काळपुळीने मेलेले जनावर फाडू नये, असा नियम आहे. कारण हवेच्या संपर्कात त्या जंतूंचे चिवट बीजाणू तयार होतात व माणसालाही संसर्ग होऊ शकतो. ‘काळपुळी’च्या जागी ‘गळू’ छापले गेले, तर ही सावधगिरी कोण पाळील?

३. निगेची व प्रजननाची भाषा

रोगांप्रमाणेच रोजच्या निगेचे शब्दही कसोटी पाहतात. इंग्रजी ‘हीट’ आणि स्पॅनिश ‘सेलो’ या दोहोंसाठी मराठी शब्द ‘माज’ हा आहे. ‘गाय माजावर आली’ याऐवजी ‘गाईला उष्णता झाली’ असे लिहिले, तर वाचणारा आजार समजेल, कृत्रिम रेतनाची वेळ टळेल आणि पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागेल. मराठीत गाय विते, शेळी विते, कुत्रीही विते. स्पॅनिशमध्येही ‘पारिर’ हे एकच क्रियापद चालते. इंग्रजीत मात्र गाय, शेळी, मेंढी व कुत्री यांसाठी निरनिराळी क्रियापदे आहेत; त्यामुळे प्राणी कोणता, हे आधी ठरवावे लागते.

स्पॅनिश ‘पेलुकेरिया कानिना’ म्हणजे शब्दशः कुत्र्यांचे केशकर्तनालय. इंग्रजीत त्यासाठी ‘डॉग ग्रूमिंग’ रूढ आहे. आपल्याकडे घोड्याला ‘खरारा’ करतात. विदर्भात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लावून ‘खांदशेकणी’ होते. तिला ‘मसाज’ म्हटले, तर क्रिया पोहोचते. जुवाखाली वर्षभर राबलेल्या खांद्यांविषयीची कृतज्ञता पोहोचत नाही. तेथे मूळ शब्द ठेवून अर्थ एका वाक्यात द्यावा.

४. भाषांतरकाराची रीत

प्रथम प्राणी निश्चित करा, मग लक्षणे व कारण पाहा आणि त्यानंतर लक्ष्यभाषेत त्याच रोगासाठी रूढ असलेले नाव शोधा. शेवटी, वाचणारा हा शब्द वाचून काय करील, हे स्वतःला विचारा. शंका राहिल्यास पशुवैद्यकाकडून अर्थ पडताळून घ्या. येथे भाषांतर शब्दाचे नसते. त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचे किंवा कृतीचे असते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील पशुपालकांकडून जनावरांच्या रोगांची व निगेची दहा नावे मिळवा. प्रत्येक नावापुढे प्राणी, लक्षण आणि प्रमाण मराठीतील संज्ञा लिहा. एकाच नावाने दोन रोग ओळखले जातात काय, याची विशेष नोंद करा.