मुसकं बांधलेला शिकारी

मे महिन्यातली संध्याकाळ. नांगरून टाकलेल्या रानातून आम्ही घरी येत होतो. अचानक मोत्या थबकला. पुढचा एक पाय अधांतरी, शेपूट ताठ, नाक वाऱ्याकडे. डोक्यावर टिटव्यांची जोडी जीव खाऊन ओरडत होती.

"आजोबा, मोत्याचा पुतळा झाला!" चिनू ओरडला.

मी मोत्याला दोरी लावली. "इथे दोन पुतळे आहेत," म्हटलं. "दुसरा शोधा पाहू."

चिनू आणि जाईनं एकेका ढेकळावरून नजर फिरवली. काही दिसेना. मग आम्ही पलीकडच्या बांधावर जाऊन बसलो. गोष्टीशिवाय मुलं काही हलणार नव्हती, आणि मलाही घाई नव्हती.

"मोत्यानं आत्ता केलं ना, तेवढंच नेमकं करणारी कुत्र्यांची एक जात इंग्लंडात आहे. पॉइंटर म्हणतात. लांडगा शिकार कशी करतो? आधी माग काढायचा, मग दबा धरायचा, मग झडप, शेवटी चावा. तिथल्या शिकाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या कुत्री निवडत निवडत ही साखळी हवी तिथे अडवली. पॉइंटर दब्यापाशीच थांबतो. लॅब्रॅडॉर पडलेला पक्षी तोंडात धरून आणतो, पण दात रुतू देत नाही. सेटर तर बंदुकीच्याही आधीचा. वास आला की तो जमिनीला पोट टेकून बसायचा आणि शिकारी त्याच्याही अंगावरून जाळं फेकायचे."

"आणि पक्षी जाळ्याची वाट बघत बसायचा?" जाईनं विचारलं.

"तो वेडा नाही गं. त्याचा रंग मातीचा. हलला नाही तर ससाण्याच्या नजरेलाही सापडत नाही. पण कुत्रा नाकानं बघतो. वास टिपणाऱ्या पेशी आपल्या नाकात साधारण 50-60 लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटी. शिवाय त्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. श्वास सोडताना हवा त्या चिरांतून मागे जाते, म्हणून समोरून येणारा वास विस्कटत नाही. डोळ्यांना चुकवायची विद्या नाकापुढे चालत नाही. ही विद्या एका पोपटाला फार महागात पडली."

"पोपटाला?"

"न्यूझीलंडमधला काकापो. माओरी भाषेत रात्रीचा पोपट. जगातला सगळ्यात वजनदार पोपट, नर चार किलोपर्यंत भरतो. उडता येत नाही. रात्री जमिनीवर हिंडतो. त्या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. शत्रू यायचा तो आभाळातून, डोळ्यांनी शोधत. म्हणून संकट आलं की काकापो जागच्या जागी थिजतो. हिरव्या शेवाळ्यात हिरवा पोपट, कोणाला दिसणार? पण त्याच्या अंगाला गोडसर कुबट वास येतो, आणि आभाळातल्या शत्रूला त्याची खबर नव्हती.

"एकोणिसाव्या शतकात युरोपातून गेलेल्या लोकांनी तिथे ससे सोडले, खायला आणि शिकारीला. सशांनी मेंढ्यांचं गवत फस्त केलं. सशांवर उपाय म्हणून 1880 च्या दशकात स्टोट आणून सोडले. मुंगसासारखा लांबट, चपळ प्राणी, नाकावर जगणारा. पक्ष्यांच्या जाणकारांनी बजावलं होतं, ऐकलं नाही. स्टोटला पळत्या सशापेक्षा थिजलेला पोपट सोपा पडला.

"तेव्हा रिचर्ड हेन्री नावाचा एक माणूस पुढे आला. 1894 साली त्याला रेझोल्यूशन बेटाचा राखणदार नेमलं. त्यानं काय केलं असेल? पोपटाचा वास काढायला कुत्राच घेतला, आणि त्याला मुसकं बांधलं. कोळपताना आपण बैलांना बांधतो ना, तसं. नाक मोकळं, तोंड बंद. कुत्र्यानं पक्षी दाखवायचा, हेन्रीनं अलगद उचलायचा, होडीत घालून बेटावर सोडायचा. असे शेकडो काकापो आणि किवी त्यानं हलवले."

"मग वाचले!" चिनूनं टाळी वाजवली.

"नाही रे. 1900 च्या सुमारास स्टोट मधली खाडी पोहून बेटावर पोचले. हेन्रीची सगळी मेहनत वाया गेली."

चिनूचा चेहरा पडला. मी घाईनं पुढचं सांगितलं.

"पण त्याची युक्ती राहिली. 1977 साली दक्षिणेच्या स्ट्युअर्ट बेटावर काकापो सापडले. पुढे 1980 मध्ये शिकवलेल्या कुत्र्यांच्या मदतीनं माद्याही मिळाल्या. तिथे रानटी झालेली पाळीव मांजरं त्यांना खात होती, म्हणून सगळे पक्षी हिंस्र प्राणी नसलेल्या बेटांवर नेले. 1995 साली उरले होते 51. आज दोनशेच्या वर आहेत, आणि प्रत्येकाला नाव आहे. आजही तिथे मुसकं घातलेली कुत्री कामावर असतात. पॉइंटर, सेटर किवी शोधून देतात. छोटे टेरियर होडीवर, धक्क्यावर उंदीर-स्टोटचा माग काढतात. ज्या नाकानं पक्षी जाळ्यात दिले, तेच नाक आता त्यांची राखण करतं."

बोलता बोलता टिटव्यांचा आरडाओरडा थांबला होता. आम्ही मघाशी उभे होतो तिथलं एक ढेकूळ उठलं, काडीसारख्या पायांवर तुरुतुरु धावलं आणि आईच्या पंखाखाली शिरलं.

"दुसरा पुतळा!" जाई पुटपुटली. "आईनं ओरडून त्याला गप्प बसायला सांगितलं होतं."

मोत्यानं दोरी ताणली. त्याच्या लेखी ते पिल्लू कधी लपलंच नव्हतं.

घरी पोचताच चिनू गोठ्यात पळाला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आजोबा, बैलांच्या मुसक्यांपेक्षा लहान मुसकं कुठं मिळेल?"